आईने काढलेलं शॅम्पेनचं बूच

मंडळी, आज दुपारी माझ्या मुलीने बढतीच्या आनंदात फ्रान्सची शॅम्पेन उघडली आणि आमच्या घराने बाबांच्या मित्राशी धरलेला पन्नास वर्षांचा अबोला उगाचच होता, हे कळलं.

सत्तरच्या दशकात आम्ही कळमनुरीत राहायचो. बाबांचे मित्र, आमचे काका, जहाजावर नोकरीला होते; त्यांनी अशीच बाटली भेट दिली होती. आईने ज्वारीच्या आंबिलीचा नियम तिलाही लावला: आंबलेल्या वस्तूचं तोंड आवळायचं नाही. सकाळीच बुचावरची तार सोडून तिने बूच काढलं आणि वर फडकं बांधलं.

संध्याकाळी बाबांनी घोट घेतला. "नुसतं आंबट पाणी! दोस्तानं फसवलं." पुन्हा ते काकांशी बोललेच नाहीत, आणि मग आम्हीही नाही.

आज ग्लासातले बुडबुडे पाहून आईने विचारलं, "हे काहून फसफसून राहिलं?"

"आजी, बंद बाटलीत वाइन पुन्हा आंबते आणि वायू आतच कोंडतो; बूच काढून ठेवलं तर तो उडून जातो," मुलगी म्हणाली. "पूर्वी तिकडे थंडीत आंबणं थांबायचं, ऊब आली की पुन्हा सुरू व्हायचं आणि बाटल्या फुटायच्या. लोकांना तो बिघाडच वाटायचा."

मी चाखली. आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मग भाकरीच्या खरपूस पापुद्र्याचा वास.

आईने सुटलेली तार उचलून पाहिली. मग म्हणाली, "म्हंजे भावजींची बाटली चांगलीच व्हती. तिचा जीव म्याच घालवला."

बाबा आता नाहीत. काका नव्वदीत आहेत, नांदेडला असतात. मुलीने आणलेली दुसरी, बंद बाटली मांडीवर घेऊन आई तिकडे निघायला तयार बसली आहे. "तारेला हात लावू नका," असं दोनदा बजावलंय तिने.

काकांशी पहिलं वाक्य काय बोलावं, कुणी सुचवाल का?