हेर क्राउझे अजून लॉग-इन आहेत

मंडळी, आज जर्मनीत बाड हॉम्बुर्गमधल्या एका छोट्या कारखान्यात गेलो होतो. त्यांचे हिशेब जुन्या प्रोग्राममधून इंटरनेटवरच्या नव्या प्रणालीत न्यायचे आहेत. कारण साधं आहे. तो प्रोग्राम लिहिणारे हिशेबनीस हेर (म्हणजे श्रीयुत) क्राउझे सहा वर्षांपूर्वी वारले आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारं आता कोणी नाही.

तळघरात मी आणि क्राउझेंच्या जुन्या सहकारी फ्राउ लांगे, म्हणजे लांगेबाई, असे दोघंच होतो. मी डेटा उतरवायला घेतला, तर पडद्यावर ओळ आली: "ही वही क्राउझे वापरत आहेत. कृपया थांबा."

"हे कोण?" मी विचारलं.

"तेच," बाई कॉफी ओतत म्हणाल्या. "रोज असतात. साडेदहाला जातात."

आत्मा नित्य आहे हे मी लहानपणी घोकलंय. त्याला पासवर्डही असतो, हे कुठल्या भाष्यात वाचल्याचं आठवत नाही. सगळ्या वायरी तपासल्या. दुसरा संगणक जोडलेलाच नव्हता.

साडेदहाला ती ओळ गेली.

दुपारी नव्या प्रणालीत कामगारांची नावं भरत होतो. बाई हळूच म्हणाल्या, "आल्झो, तर मग त्यांचंही घाला ना."

"बाई, इथे हयात माणसंच चालतात."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "निदान जुनं मशीन बंद करण्याआधी त्यांना तसं सांगाल?"

मी हो म्हणून बसलोय. उद्या सकाळी मशीन बंद करायचं आहे. तुम्ही असतात, तर काय सांगितलं असतंत?