माझ्या बायकोचे नवे मालक

माझ्या बायकोचे मालक बदलले तेव्हा मी तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसलो होतो. बदल माझ्याच सहीने झाला. सही करताना मी हसत होतो, असंही लोक सांगतात.

आता मुळापासून सांगतो. आमची सोसायटी पाथर्डी फाट्याजवळ. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर मी, म्हणजे सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून, आणि माझी बायको सुलभा. समोर बी विंगमध्ये माझे साडू दिलीपराव. (एवढं मोठं नाशिक, पण या गृहस्थाला फ्लॅट मिळाला तो नेमका माझ्या गॅलरीसमोर!) सुलभाच्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे यजमान. ठिबक सिंचनाचं दुकान, पांढरीशुभ्र गाडी आणि डोक्यावर सगळेच्या सगळे केस! सासूबाई वणीजवळच्या गावाहून फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न, "दिलीपराव जेवले का?" थोरला जावई मी, पण माझ्या जेवणाची चौकशी फक्त दिवाळीत होते. मी जळतो का? हो, जळतो! उगाच खोटं कशाला बोलू?

त्यात दिलीपरावांना क्रिकेटमधलं सगळं कळतं. "बघा भाऊसाहेब, आता विकेट जाणार," असं ते म्हणतात आणि मेली ती जाते! म्हणून मी असा एक खेळ हुडकून काढला, ज्यातलं त्यांना ओ की ठो कळणार नाही. अमेरिकन फुटबॉल! सीझनमध्ये दर सोमवारी सकाळी सहाला मी मोबाइल घेऊन बसतो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. समोरून चार-पाच दांडगे रेडे अंगावर धावून येत असताना चेंडू कोणाकडे आणि कधी फेकायचा, हे तो ठरवतो. या विषयावर माझी दोन ठाम मतं आहेत. क्वार्टरबॅक पारखायला नजर लागते आणि ती माझ्याकडे आहे, हे पहिलं. दुसरं असं की, संघ बुडतात ते मालकांच्या लुडबुडीमुळे. मालकाने टाळ्या वाजवाव्यात आणि पारख जाणत्या माणसावर सोपवावी. ही मतं मी सुलभाला तीन वर्षं ऐकवतोय. ती लसूण सोलता सोलता "हं" म्हणते.

अशाच एका सोमवारी सासूबाईंचा फोन आला. जावईबापू काय करताहेत म्हणून त्यांनी विचारलं. (बहुधा चुकून!) सुलभा म्हणाली, "काय करणार! बसलेत सकाळपासून क्वार्टरबॅक घेऊन." गावाकडे रेंजची बोंब. त्यातलं 'बॅक' वाटेतच कुठेतरी गळून पडलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीचा वर्धापनदिन आला. महिलांचे थ्रोबॉलचे सामने ठरले. दोन संघ, दोन मालक. जर्सी देणार म्हणून बी विंगचे मालक दिलीपराव झाले. ए विंगचं नाव निघायच्या आत माझा हात वर गेला होता. चौदा बायकांची नावं एकत्र ठेवायची, आळीपाळीने एकेक निवडायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असं ठरलं. पहिली निवड माझी!

निवडीच्या आदल्या संध्याकाळी सुलभाने पोळी वाढताना विचारलं, "मला घ्याल ना पहिली?"

"गुणवत्तेवर बघू," मी म्हणालो. (हे वाक्य मी आता झोपेतसुद्धा उच्चारत नाही.)

जेवण झाल्यावर मी सगळ्या बायकांचे गोपनीय अहवाल लिहिले, कचेरीत लिहितात तसे. सुलभाचा अहवाल असा: 'उंची: मध्यम. निर्णयक्षमता: असमाधानकारक, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तीन गाड्या फिरते. दबावाखालील वर्तन: पाहुणे आल्यास भांडी आपटते. एकूण दहापैकी चार.' चार म्हणजे मी जरा सढळ हातानेच दिले होते. घरचंच माणूस!

दुसऱ्या दिवशी मी पहिली निवड केली ती रियाची. जिमला जाणारी, ताडमाड उंच, खांदे तर असे की पाहत राहावं. "हा खरा क्वार्टरबॅक!" मी जाहीर केलं. दिलीपरावांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सुलभाताई."

मी खो खो हसलो. "दिलीपराव, नात्यागोत्याने संघ होत नसतो! करा सही, मी पण करतो."

"नातं नाही हो भाऊसाहेब," दिलीपराव म्हणाले. "तुम्ही रोज स्कूटरची चावी घरी विसरता. ताई तिसऱ्या मजल्यावरून टाकतात. मी रोज पार्किंगमधून बघतो. एकदासुद्धा नेम चुकलेला नाही."

वीस वर्षं ती चावी माझ्याच ओंजळीत पडत होती! मी सुलभाकडे पाहिलं. ती दिलीपरावांकडे पाहून हसत होती. तसं हसू माझ्या वाट्याला शेवटचं कधी आलं होतं, ते आठवेना. मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

त्या दिवशी धुण्यात माझ्या शर्टाच्या खिशातून तो अहवाल निघाला. सुलभाने कागद इस्त्री केला आणि फ्रिजवर चिकटवला. जेवायला दोन पोळ्या मिळाल्या. तिसरी मागितली तर म्हणाली, "गुणवत्तेवर बघू."

सामन्याच्या आदल्या दिवशी दिलीपरावांनी गेटवर फ्लेक्स लावला. दहा फुटी! मधोमध हातात बॉल घेतलेली सुलभा, बाजूला गॉगल लावलेले दिलीपराव आणि खाली ठळक अक्षरांत: 'सुलभाताई. मालक: दिलीपराव.' शोभाने त्याचा फोटो हौसेने माहेरच्या ग्रुपवर टाकला.

आता सासूबाईंच्या गावात 'मालक' या शब्दाला एकच अर्थ आहे. तिथे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, "आमचे मालक" म्हणते. सासूबाईंनी आधी चष्मा पुसला आणि मग हिशेब जुळवला. थोरला जावई सकाळच्या पारी क्वार्टर घेऊन बसतो, म्हणून थोरलीने मालक बदलला आणि तोही धाकटीचाच घेतला!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने त्या निघाल्या. सामना ऐन रंगात असताना पिशवी सावरत थेट माझ्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"तोंड उघडा, जावईबापू."

"अहो आई, इथे? सगळे बघताहेत!"

"बघू द्या! उघडा म्हणते ना!"

मी आ केला. सासूबाईंनी वास घेतला. खेळ थांबला. दोन्ही विंग माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. (दाढेतलं सिमेंट निघालेलं आहे, हे आता सोसायटीत सर्वांना माहीत आहे.)

"आज क्वार्टर घेतलेली नाय दिसत," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून देवीच्या गडावरचा अंगारा काढून माझ्या कपाळभर फासला. मग दिलीपरावांकडे वळल्या. "आन तुम्ही हो! तुम्हाला मी लय चांगलं समजत व्हते! एक लेक दिली ती पुरली नाय का?"

दिलीपरावांचा गॉगल खाली पडला. (खरं सांगतो, त्या दिवसातला माझा तो एकमेव सुखाचा क्षण!) शोभा धावत आली, संघमालक म्हणजे काय ते तिने सांगितलं. मग मी क्वार्टरबॅक म्हणजे काय ते सांगू लागलो, पण ते कोणालाच नको होतं. सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मंग दिलीपराव जेवले का?"

सामना सुरू झाला. माझ्या रियाचे खांदे शेवटपर्यंत सुंदर दिसत होते, बॉल मात्र जाळीत जात होता. मी उभं राहून ओरडलो, "सुलभाकडेच टाका! तिला निर्णय घेता येत नाही!" सुलभाने बॉल झेलला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या संघातल्या दोन बायकांच्या मधोमध, बरोबर हातभर मोकळ्या जागेत टाकला. शेवटचा गुण, सामना खलास!

बक्षीस घेताना तिच्या हातात माइक आला. "हे बक्षीस मी आमच्या मालकांना देते," ती म्हणाली.

मी उठलो. कपाळावर अंगारा होता, तरी कॉलर नीट केली. दोन पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात सासूबाईंनी मागून शर्ट ओढला.

"बसा खाली. तुमचं नाय म्हनत ती."

दिलीपराव ट्रॉफी डोक्यावर धरून नाचले. मी टाळ्या वाजवल्या. मालकाने टाळ्याच वाजवाव्यात, हे माझंच मत होतं ना! पण एवढा जळफळाट माझा जन्मात झाला नव्हता, आणि तो ट्रॉफीसाठी नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघालो. पार्किंगमध्ये खिसा चाचपला. चावी वरच!

"अगं, चावी टाक!"

सुलभा गॅलरीत आली. "मालकांना विचारा आधी."

समोरच्या गॅलरीतून दिलीपराव दात घासता घासता म्हणाले, "टाका, ताई!"

चावी आली. अगदी नेमकी, माझ्या ओंजळीत. पण मी वर तिच्याकडेच बघत राहिलो होतो. चावी उडाली आणि गटाराच्या जाळीतून आत गेली. आतला आवाज मला अजून ऐकू येतो.

रिक्षाने गेलो, रिक्षाने आलो. फ्रिजवरच्या अहवालात पेनाने चाराचे दहा करायला गेलो, तर शेजारी दुसरा कागद होता. अक्षर सुलभाचं. 'नाव: आमचे हे. पारख: शून्य. झेलण्याची क्षमता: शून्य. एकूण दहापैकी चार, घरचंच माणूस म्हणून. मालकपदावर पुन्हा घेण्याबाबत गुणवत्तेवर बघू.'

मी खाली सही करून पोच दिली. अपील करणार नाही, फेरतपासणीत ते चारही जातील!