जगनकाकांचं ‘नाय’

आसनगावजवळच्या आमच्या कंपनीत जगनकाका पॅकिंगला आहेत आणि मी मेंटेनन्सला. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असते. या माणसाला कुणालाच नकार देता येत नाही. त्यात मोठा भाऊ हनुमान समोर आला, की संपलंच. भाऊ काहीही सांगो, काकांच्या तोंडून एकच निघतं, “बरं, दादा.”

यंदा दादाने पोल्ट्रीची शेड बांधली आणि जाहीर केलं, “जगन, कंपनी सोड. कोंबड्या तू बघायच्या.”

“बरं, दादा.”

काकांचा कंपनीत जीव रमतो, आणि कोंबड्यांच्या नुसत्या वासाने त्यांना मळमळतं. त्यांचं जेवण तुटलं. शेवटी मी त्यांना शहापूरला माझ्या मावसबहिणीकडे, भूमिकाताईकडे नेलं. मनात मुरलेल्या सवयी शरीराकडे लक्ष देऊन कशा बदलायच्या, हे ती शिकवते.

“दादा बोलतो तेव्हा शरीरात काय होतं?” तिने विचारलं.

“घशात फणसाची आठळी अडकते.”

“कधीपासून?”

“लहानपणी दादानं मला आंब्यावरून ढकललं, तवापासून.”

“तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“बरं, दादा.”

ताई हसली नाही. पाय जमिनीवर रोवायचे, गुडघे सैल सोडायचे, अंग थरथरलं तर थरथरू द्यायचं आणि अडकलेला आवाज बाहेर येऊ द्यायचा, असं तिने करून दाखवलं. काकांनी खळ्यामागे सराव केला.

रविवारी मला सोबत घेऊन ते दादासमोर उभे राहिले. ओटीवर शेजारीपाजारीही बसले होते. काकांनी डोळे मिटले. आधी गुडघे हलले, मग खांदे, मग डोकं. घशातून जोराचा हुंकार आला.

“गो बाय, गावदेवी आली!” म्हणत दादाची बायको गिरजावहिनी हळद आणायला धावली. काकांचं कपाळ पिवळं झालं, हातात नारळ आला. मी काही सांगणार, तोच शेजारच्या अंबूबाईंनी मला खाली दाबून बसवलं.

दादाने हात जोडले. “आई, काय चुकलं?”

“मी कोंबड्या नाय बघणार!”

“नको बघू, आई. दुसरा माणूस ठेवतो.”

काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. काम झालं होतं! पण अंबूबाई पुढे सरकल्या, “आई, माझी म्हैस पान्हा का सोडत नाय?”

दादाने त्यांना थांबवलं. “देवीनं आपलं घर धरलंय. जगन, आता कंपनी सोडच. भगत व्हायचं. दर मंगळवारी इथंच बसायचं.”

“बरं, दा...”

शब्द अर्ध्यातच थांबला. काकांनी नारळ खाली ठेवला आणि पाय रोवले. या वेळी अंग हललं नाही, नुसता घाम फुटला.

“दादा, देवी नव्हती. मीच होतो.”

“मग मी हात कुणाला जोडले रे?”

“मला.”

“लाज नाय वाटली?”

“वाटली. पन कंपनी सोडणार नाय. कोंबड्या नाय, भगत पन नाय.”

“देवीचं ऐकलं. तुझं कशाला ऐकू?”

“नको ऐकू. मी उद्या ड्युटीला जाणार.”

दादा ताडकन उठून शेडकडे निघून गेला.

“मंग माझ्या म्हशीचं काय?” अंबूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका ड्युटीवर होते. डब्यात भाकरीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी होती.

“वहिनीनं दिली?” मी विचारलं.

“नारळ दादानं फोडला. बोलला, तुलाच वाहिलेला, तूच खा.”