आयांची अदलाबदल

मला दोन भावजया, थोरली आणि धाकटी. मी नणंद, तेव्हा दोघींची उणीदुणी काढायचा हक्क माझाच. थोरलीबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही, ती चांगली आहे. धाकटी जळकुटी. तीही लपूनछपून नाही, चारचौघांत भांडी आपटून.

कारण चिंगी. धाकटीची ही लेक दीड वर्षाची. धाकटी कामावर गेली की ती दिवसभर थोरलीच्या कडेवर. पहिल्यांदा "आई" म्हणाली तीही थोरलीलाच. धाकटीला ती "ए" म्हणते.

धाकटीचं काम एका प्रयोगशाळेत, उंदरांचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जगवायला ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि तोच जास्त झाला की त्यांची कोवळी फुप्फुसं नीट वाढत नाहीत. हे टाळायचं कसं, यावर तिथल्या डॉक्टरीणबाई संशोधन करतात. त्यासाठी उंदरांची नुकती जन्मलेली पिल्लं काचेच्या पेटीत भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवतात. पिल्लं ते काही दिवस सोसतात, मोठ्या उंदरिणीला मात्र सोसत नाही. म्हणून रोज सकाळी धाकटीनं पेटीतली आई बाहेर काढायची आणि साध्या हवेतल्या पिंजऱ्यातली दुसरी बाळंतीण आत सोडायची. ती परकी पिल्लं बिनतक्रार पाजते.

"लाज नाही मेलीला," धाकटी घरी येऊन म्हणायची. "आणि पिल्लं तरी कसली! जी येईल तिला लुचतात." नजर थोरलीवर.

मग एका रविवारी चिंगी अडखळून पडली. धाकटी धावली. चिंगीनं तिचा हात झिडकारला आणि भोकाड पसरत जाऊन थोरलीच्या पायांना मिठी मारली. धाकटीचा चेहरा एवढासा झाला.

सोमवारी पेटीत पिल्लांची सख्खी आई होती. धाकटीनं पेटी उघडलीच नाही. "राहू दे आज तरी हिची पोरं हिच्याजवळ," असं वाटलं म्हणे.

मंगळवारी ती उंदरीण अंगाचं मुटकुळं करून कोपऱ्यात बसली होती, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. उपाशी पिल्लं पोटाखाली वळवळत होती. धाकटीनं घाबरून स्वतःच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तिच्यावर कडाडल्या, "अगं, सगळा वेळ तिलाच आत ठेवलंस तर ती मरेल ना! मग पाजणार कोण?" ती पिल्लं प्रयोगातून बाद झाली. उंदरीण संध्याकाळपर्यंत गेली.

धाकटी घरी आली तेव्हा मी तिथेच होते. चिंगीला सर्दी, म्हणून खिडक्या लावलेल्या. थोरली तिला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती, डोळे ओढलेले, एक हात कमरेवर. धाकटी दारातच थबकली. आता काहीतरी खोचक येणार म्हणून मी कान टवकारले.

"ताई, तुम्ही बाहेर कधी गेला होतात?"

"बाहेर? हिला टाकून कुठे जाऊ?"

"आणा तिला इकडे. चपला घाला आणि जरा फिरून या."

"रडेल गं ती."

"रडू दे. तुम्ही जा."

थोरली गेली आणि चिंगीनं घर डोक्यावर घेतलं. दाराकडे हात करून नुसता "आई, आई" असा टाहो. धाकटीचा जळफळाट काही कमी झाला नव्हता, तिची लाल झालेली कानशिलं मला दिसत होती. पण हाक कुणाला आहे हे पक्कं ठाऊक असूनही ती दर हाकेला ओ देत राहिली.