चार तासांसाठी घर

भोपाळच्या कोलार रोड भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाचे हे प्रकरण. खून नाही, दरोडा नाही. तरी ते दिवस अजून माझ्यासमोर लख्ख उभे राहतात.

सकाळची हजेरी आटोपून मी ठाण्याच्या नोंदींचा रोजनामचा पाहत होतो. साठीच्या एक मराठी बाई आल्या. पतीच्या निवृत्तीनंतर पिपलानीतले नोकरीचे क्वार्टर सोडून दोघे स्वतःच्या घरात आले होते. वर राहत आणि तळमजला पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देत.

"साहेब, एक माणूस फोनवर घर मागतोय. फक्त दहा ते दोन. मी नाही म्हटलं. आज दुसऱ्या नावाने फोन आला, पण आवाज तोच."

आमचा हवालदार गालात हसला. "मॅडम, घंटे-दो घंटे के लिए कमरा कौन माँगता है, सब जानते हैं।"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "थोड्या वेळासाठी विचारणारे मला नवे नाहीत," त्या मला म्हणाल्या. "कोणाला गाडीपर्यंत वेळ काढायचा असतो, कोणाला दवाखान्यात जाण्याआधी अंघोळ करायची असते. ते गीझर आहे का विचारतात. याने विचारलं, खुर्च्या किती आहेत? बाहेरच्या खोलीला वेगळं दार आहे का? राहायला येणारा माणूस खुर्च्या मोजतो का?"

इतकी नेमकी खबर मला पगारी खबऱ्यांनीही क्वचितच दिली होती. ती ऐकताना मला एक अर्ज आठवला. दोन आठवड्यांपूर्वी रायसेनकडची एक मुलगी आली होती. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात नोकरी देतो म्हणून कोणीतरी तिची मुलाखत आमच्या हद्दीतल्या एका घरात घेतली आणि पडताळणीसाठी मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. ती पुन्हा गेली तेव्हा त्या घरात पर्यटक उतरलेले. आता कागद हवे तर पैसे आणा, असे फोन येत होते. सिम दर वेळी भलत्याच्या नावावर. इकडे तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती. खरे सांगतो, तो अर्ज आम्ही चौकशीत ठेवून विसरलो होतो.

मी बाईंना म्हणालो, "आता त्याला हो म्हणा."

त्या म्हणाल्या, "माझ्या घरात मारझोड नको."

"शब्द देतो."

"आणि माझ्या पद्धतीने हो म्हणेन. एकदम कबूल केलं तर त्याला संशय येईल."

ठरल्या दिवशी तळमजल्यावर नऊ मुलं-मुली फायली घेऊन बसली होती. त्यांत आमची एक महिला शिपाई होती. तिची प्रमाणपत्रे त्या माणसाने बॅगेत टाकताच आम्ही आत गेलो. मी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. आवाज चढला नाही. दिलेला शब्द पाळला.

ठाण्यात मात्र तो बधेना. "साहब, आज पहली बार किया।" मुक्काम कुठे विचारले, तर स्टेशनजवळचे लॉज सांगितले. तिथल्या नोंदवहीत त्याचे नाव नव्हते. आधीच्या मुलांचे कागद सापडले नाहीत, तर ते जुने गुन्हे त्याच्यावर शाबित होणार नाहीत, हे तो ओळखून होता.

संध्याकाळी बाई जबाब द्यायला आल्या. पाहुण्यांची वही सोबत होती. "याआधी कुठे राहिलात, त्या मालकाचा नंबर द्या, असं मी प्रत्येकाला विचारते. यालाही विचारलं. त्याने दिला."

घर हातचे जाऊ नये म्हणून त्याने चांगला शब्द टाकणारा खरा माणूस दिला होता. मी फोन लावला. "बहुत शरीफ आदमी है," पलीकडून एक म्हातारे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "महीने भर से ऊपर वाले कमरे में है।"

त्यांच्याकडून घेतलेला पत्ता मी आरोपीसमोर वाचला. त्याने मान खाली घातली आणि पाणी मागितले. तासाभरात पंचांसमक्ष खोली उघडली. पलंगाखालच्या सुटकेसमध्ये रबर लावलेले गुणपत्रिकांचे गठ्ठे होते.

न्यायालयाच्या परवानगीने मूळ कागद मुलांना परत मिळावेत, म्हणून त्या आठवड्यात मी स्वतः धावपळ केली. रायसेनची मुलगी वडिलांबरोबर आली. तिने एकेक पान उलटून पाहिले, सही केली आणि म्हणाली, "सर, आज ही जमा करने हैं।" आमच्या हवालदाराने न सांगता जीप काढली आणि तिला कॉलेजवर सोडले. त्या दिवशी मला माझ्या ठाण्याचा अभिमान वाटला.

बाईंचा आमच्या वरिष्ठांच्या कार्यालयात सत्कार झाला. मी विचारले, "आता तासांसाठी घर देणं बंद केलंत ना?"

"का म्हणून?" त्या म्हणाल्या. "कालच एक बाई आल्या होत्या. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, चार तास पाठ टेकायची होती. दोन प्रश्न विचारले आणि किल्ली दिली."

पोलिसाची नोकरी माणसाला सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवते. नीट प्रश्न विचारून मग विश्वास टाकावा, हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्या बाईंनी शिकवले. अशी माणसे माझ्या ठाण्याची पायरी चढून आली आणि मी त्यांचे ऐकून घेतले, याचा आनंद मला मिळालेल्या कोणत्याही पदकापेक्षा मोठा आहे.