उंबऱ्यातला प्रश्न

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी सासऱ्यांना विचारलं, "मामा, कुठं निघालात?" ते श्रीगोंद्याला निघाले होते, चपला पायात होत्या. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन पाणी प्यायले, घटकाभर बसले आणि मग पुन्हा निघाले. सासूबाईंनी मात्र मला सोडलं नाही. "भाईर निघालेल्या मानसाला कुठं म्हनून इचारत्यात व्हय? कामाचं वाटोळं व्हतं. लांब निघालात का, आसं म्हनावं." हा अपशकुन मलाही माहीत होता, घाईत तोंडातून निसटलं होतं. पण पाहुण्यांसमोर खाल्लेली ती बोलणी मला फार लागली. त्या दिवसापासून मी या घरात फक्त उत्तरं दिली.

बारा वर्षांनी ते अंगाशी आलं. डी.एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांखाली पडून होतं आणि श्रीगोंद्यातल्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. मला ती नोकरी हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दुसरीच्या वर्गावर पाठ घ्या, मुलांना इंग्रजीत प्रश्न विचारा. फळ्यावर पिशवी घेऊन निघालेल्या बाईचं चित्र होतं. मी विचारलं, "शी इज गोइंग व्हेअर?"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "टीचर, व्हेअर इज शी गोइंग?" वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापिका भल्या बाई, त्यांनी महिन्याभरानं पुन्हा यायला सांगितलं. पण ती शेवटची संधी, हेही बजावलं. एसटी स्टँडवर पोचले तरी माझे कान तापलेले होते.

त्या संध्याकाळी माझ्या तीन भाकरी फाटल्या. चौथी शिकलेल्या सासूबाईंनी तव्याकडे बघूनच ओळखलं आणि नेमकं काय चुकतं ते विचारलं. मी सांगितलं, इंग्रजीत 'यू आर गोइंग' हे नुसतं सांगणं झालं. विचारायचं असेल तर 'आर'नं उठून 'यू'च्या पुढं येऊन बसायचं, आणि 'व्हेअर' असेल तर तो सगळ्यांच्या आधी. आपल्या मराठीत कुणी जागचं हलत नाही, सूर चढवला की भागतं.

त्यांनी दोन पाट ओढले आणि एकामागे एक मांडले. "मी यू, तू आर. सांगायचं आसंल तर मी पुढं, इचारायचं आसंल तर तू." दोन-चारदा जागा बदलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजी इचारायचं म्हनलं की सुनंला पुढं बशीवायचं! लई वंगाळ भाषा हाय."

महिनाभर रोज दुपारी आमचा हा खेळ चालला. त्या गुडघे धरून उठायच्या. मी "आर यू टायर्ड?" म्हटलं की ठसक्यात "नो" म्हणायच्या आणि धप्पकन बसायच्या. सगळे प्रश्न जमले, पण 'व्हेअर' आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. शेवटी वैतागून बोलून गेले, "आत्या, हा शब्द तुम्हीच बंद केलाय माझा." त्यांनी पाट उचलून ठेवले. मला वाटलं, आता हेही संपलं.

पाठाच्या दिवशी मी पर्स घेऊन उंबऱ्यापाशी आले. समोरच्या ओट्यावर शेजारणी शेंगा फोडत बसल्या होत्या. मागून खणखणीत आवाज आला, "व्हेअर आर यू गोइंग?"

शेजारणींना कळलं नाही, म्हणून सासूबाईंनीच मराठीत सांगितलं. "कुठं निघालीस, म्हनून इचारतीय मी. काय वाटोळं व्हायचं ते माझं हुईल. सांग."

"आय ॲम गोइंग टू स्कूल," मी म्हणाले.

"मग जा की. आत येऊ नगं."

वर्गात तेच चित्र होतं. मी विचारलं, "व्हेअर इज शी गोइंग?" आणि हातांचं रान उगवलं. कुणी म्हणालं मार्केट, कुणी म्हणालं शुगर फॅक्टरी. मग दोन पोरं पुढं-मागं खुर्च्यांवर बसवली, एकाला 'शी' केलं, दुसऱ्याला 'इज', आणि त्यांना उठवून बसवून वर्ग डोक्यावर घेतला. पहिल्या बाकावरची ती मुलगी 'व्हेअर' व्हायला मिळावं म्हणून हट्ट धरून बसली. मुख्याध्यापिका घड्याळ बघायचं विसरल्या. "सोमवारपासून या," म्हणाल्या.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला, चपला घातल्या आणि निघाल्या. मी उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं विचारलं, "आत्या, कुठं निघालात?"

"गावभर सांगाया," त्या म्हणाल्या, आणि मागं न वळता तशाच चालू लागल्या.