बेडफर्ड घाटात आणि झाडू कोपऱ्यात

मिरजगावच्या भीमा ड्रायव्हरची उमेदीची सगळी वर्षं जुन्या विलायती बेडफर्ड लॉरीत गेली. तो लांबच्या खेपेला निघाला की त्याची बायको मनकर्णा दिवसभर झाडूला हात लावत नसे. माणूस वाटेत असताना केर काढला तर तो परतत नाही, ही तिची पक्की धास्ती.

काल सून पूजानं मोबाईलवर एक जुना सिनेमा लावला. घाटात सुटलेली लॉरी दिसताच म्हातारा फुशारला, "माझीच गाडी! शूटिंगला हिरोच्या जागी मी बसल्तो चालवाया."

लॉरी फरफटत कड्यावर आली. पुढचं चाक दरीवर लटकलं. मनकर्णानं शेजारी बसलेल्या नवऱ्याचं मनगट गच्च धरलं. लॉरी थांबली, तरी तिनं मनगट सोडलं नाही.

"कवाची गोष्ट ही?"

"कर्जतला सिमेंट टाकून येतो म्हनलो नव्हतो का, तवाची. तुझ्या जिवाला उगं घोर नको म्हनून."

"अवो, कर्जत हाकेवर, म्हनून मी मागं समदं घर झाडून काढलं हुतं!"

भीमाचं हसू मावळलं.

आज सकाळी तो कोपऱ्यावर दूध आणायला गेला. पूजानं झाडू उचलला, तर मनकर्णानं तो हिसकावून घेतला.

"आदी त्यास्नी घरी येऊ दे."